मुलाच्या डोळ्यांवर सूज, लघवीला फेस: नेफ्रॉटिक सिंड्रोमवरचं संशोधन घरापर्यंत कसं पोचलं

गोव्यात 'किडनी' म्हटलं की पाठोपाठ 'डायलिसिस' येतंच. काणकोणातल्या किडनीच्या रुग्णांबद्दल आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. मधुमेहाने किडनी गेलेलं कोणी ना कोणी आपल्या नात्यात, नाहीतर वाड्यावर असतं. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलाच्या कागदावर डॉक्टरांनी 'नेफ्रॉटिक सिंड्रोम' लिहिलं आणि हा किडनीचा आजार आहे असं सांगितलं की घराचा धीर सुटतो. आजी देवळात गाऱ्हाणं घालते, काका मुंबई-बंगळूरच्या इस्पितळांची चौकशी सुरू करतो आणि आई गप्प होते.

डिचोलीतल्या एका लहान प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं लघवी-रक्ताच्या तपासण्या केल्या. मी डॉक्टर नाही आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं या लेखावरून बदलू नका. पण या आजाराची मुलं मी लहानाची मोठी होताना पाहिली, त्यांच्या आयांच्या हातातले कागद पाहिले, आणि त्या कागदांवरच्या सूचनांमागे कुणी किती चिकाटीने काम केलं आहे हे पुढे वाचत गेले. ते या घरांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. या आजारावर साठ-सत्तर वर्षं जे संशोधन झालं त्याचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो. मुलाला कमीत कमी टोचून, कमीत कमी औषध देऊन सुरक्षित कसं ठेवायचं?

आधी एक फरक स्पष्ट करते. मोठ्या माणसाची किडनी निकामी होते तेव्हा रक्तातला कचरा बाहेर टाकण्याचं तिचं काम मंदावतं, म्हणून डायलिसिस लागतं. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या बहुतेक मुलांत ते काम व्यवस्थित चालू असतं. त्यांच्यात कचऱ्याबरोबर रक्तातली कामाची प्रथिनंही लघवीतून निघून जातात. आजार किडनीचाच, पण बिघाड वेगळा, उपचार वेगळा आणि पुढचा रस्ताही वेगळा.

गाळणीत काय होतं

आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या सगळ्या आईच्या पोटातच तयार होतात. गरोदरपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यानंतर नवी गाळणी बनत नाही. प्रौढ माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडेक लिटर लघवी म्हणून सोडून बाकीचा रक्तात परत घेतात. एवढं पाणी सारखं आरपार जात असताना प्रथिनं मात्र रक्तातच राहिली पाहिजेत, आणि हे जमतं गाळणीच्या भिंतीमुळे.

भिंतीला तीन थर आहेत. आतून रक्तवाहिनीच्या पेशी, मध्ये एक पातळ पडदा आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. पोडोसाइटना बारीक बारीक पाय असतात आणि शेजारच्या दोन पेशींचे पाय, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे, एकमेकांत बसलेले असतात. पायांमधल्या फटीत प्रथिनांचीच विणलेली एक जाळी असते. पाणी, मीठ, युरिया त्यातून सहज जातात. रक्तातलं मुख्य प्रथिन अल्ब्युमिन अडतं.

नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये हे पाय पसरट होतात, गुंफण बिघडते आणि अल्ब्युमिन गळू लागतं. रक्तात एका डेसिलिटरमागे साडेतीन ते पाच ग्रॅम असायला हवं ते तीनच्या खाली, कित्येकदा दोनच्याही खाली येतं. अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं. शिवाय या आजारात किडनी मीठ बाहेर टाकत नाही, शरीरात साठवून ठेवते, आणि मिठाबरोबर पाणीही साठतं. सूज या दोन्हींमुळे येते. रक्तातलं कोलेस्टेरॉलही वाढलेलं दिसतं, कारण गळालेली प्रथिनं भरून काढण्याच्या धडपडीत यकृत चरबी वाहणारी प्रथिनंही जास्त बनवू लागतं. चार वर्षांच्या मुलाचं कोलेस्टेरॉल चारशे पाहून घाबरलेले वडील मी पाहिले आहेत. गळती थांबल्यावर ते आपोआप उतरतं.

सुरुवातीला फसवणारी गोष्ट म्हणजे सूज जागा बदलते. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, दुपारपर्यंत उतरलेल्या, संध्याकाळी पावलांवर मोज्याचा वळ. मग पोट मोठं दिसू लागतं, मुलग्यांच्या वृषणाच्या पिशवीला सूज येते. पावसाळ्यात डोळे सुजले तर डास चावला म्हणतात, आंब्याच्या दिवसांत ॲलर्जी म्हणतात, आणि आजी दृष्ट काढते. यात आठवडाभर सहज जातो. सूज सलग दोन-तीन सकाळी दिसली, किंवा लघवीला न विरणारा फेस येत असेल, तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, टोचावं लागत नाही. फक्त नमुना लोणच्याच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीतून आणू नका. प्रयोगशाळेतून स्वच्छ डबी घ्या.

अल्ब्युमिनबरोबर जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी आणि रक्त गोठू न देणारी काही प्रथिनंही लघवीतून जातात. म्हणून सूज असलेल्या मुलाला ताप आणि पोटात जोराचं दुखणं एकाच वेळी सुरू झालं, पाय अचानक एका बाजूने सुजला, किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड यायच्या आधीच्या काळात ही मुलं मोठ्या संख्येने दगावत, आणि त्यातली बहुतेक जंतुसंसर्गाने.

सुई कशी टळली

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या मुलांच्या किडनीचा तुकडा पाहिला तर बहुतेक वेळा काहीच वावगं दिसत नाही. एवढी गळती आणि तरी सगळं जागच्या जागी! हे कोडं १९५७ साली सुटायला लागलं. मॅरिलिन फारकर, रॉबर्ट व्हर्नियर आणि रॉबर्ट गुड या अमेरिकी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरला आणि पोडोसाइटचे पाय पसरट झालेले त्यांना दिसले. गळतीची जागा सापडली. कारण सापडायला आणखी साठ वर्षांहून जास्त काळ लागणार होता.

त्या काळात आजाराचा प्रकार ओळखायचा तर किडनीत सुई घालून तुकडा काढणं, म्हणजे बायॉप्सी, हाच मार्ग होता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगवेगळ्या देशांतल्या बालरोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन मुलांच्या किडनीविकारांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू केला. एकेका इस्पितळात अशी मुलं थोडीच येतात, म्हणून सगळ्यांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवायच्या आणि एकत्र मोजायच्या असं ठरलं. १९७८ साली त्यांनी ५२१ मुलांच्या बायॉप्सींचा हिशेब मांडला. सुमारे तीन-चतुर्थांश मुलांत साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा, सौम्य प्रकारच होता. १९८१ साली पुढची गोष्ट आली. या सौम्य प्रकारातल्या ९३ टक्के मुलांची गळती स्टेरॉइडने थांबली होती.

यातून व्यवहारात मोठा फरक पडला. एक ते बारा वर्षांच्या मुलात नेहमीसारखी लक्षणं असतील तर आधी औषध द्यायचं आणि औषधाला दिलेल्या प्रतिसादावरूनच प्रकार ओळखायचा. बायॉप्सी कधी? वय वर्षाच्या आत असेल, लघवी रक्ताने लाल होत असेल, किडनीचं कामच मंदावलं असेल, किंवा सहा आठवडे रोज स्टेरॉइड देऊनही प्रथिनं थांबली नसतील तेव्हा. आज बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात आलेल्या चार वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी सुई टोचत नाहीत, त्यामागे त्या ५२१ मुलांना टोचलेली सुई आहे.

स्टेरॉइड किती दिवस

आईचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि संशोधकांनीही सर्वांत जास्त घाम याच प्रश्नावर गाळला आहे.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दहापैकी आठ-नऊ मुलांत काम करतं, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आत. सूज उतरते, लघवी साफ होते. पण स्टेरॉइड आपली किंमत वसूल करतं. भूक वाढते, चेहरा गोल होतो, मूल चिडचिडं होतं, रक्तदाब वाढू शकतो, जास्त काळ मोठा डोस राहिला तर उंची खुंटते आणि डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो. आणि ज्या मुलांना औषध लागू पडतं त्यांतल्या सुमारे ८० टक्के मुलांत आजार पुढे कधीतरी उलटतोच, ज्याला डॉक्टर रिलॅप्स म्हणतात. साधारण निम्म्या मुलांत तो वारंवार उलटतो. म्हणजे औषधाची ही फेरी एकदाच होईल असं नसतं.

आंतरराष्ट्रीय अभ्यासाने सुरुवातीला आठ आठवड्यांची पद्धत घालून दिली होती. चार आठवडे रोज, मग चार आठवडे आठवड्यातले तीन दिवस (पुढे ते दिवसाआड झालं). नंतर काही लहान अभ्यासांतून असं वाटू लागलं की पहिल्याच वेळी औषध लांबवलं, सहा महिन्यांपर्यंत नेलं, तर पुढचे रिलॅप्स कमी होतात. पटण्यासारखं होतं. जगभर कित्येक डॉक्टर तसं करूही लागले. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत कोणाला किती औषध चाललंय हे डॉक्टरला आणि पालकांना माहीत होतं, आणि माहीत असलं की नजर नकळत झुकते.

इथे दिल्लीच्या एम्समधल्या गटाचं काम येतं. भारतातल्या मुलांच्या किडनीविकारशास्त्राची पायाभरणी तिथल्या डॉ. आर. एन. श्रीवास्तव यांनी केली आणि डॉ. अरविंद बग्गा, डॉ. अदिती सिन्हा यांनी ती परंपरा पुढे नेली. या गटाने देशातल्या पाच मोठ्या इस्पितळांतल्या १८१ मुलांवर एक चाचणी घेतली. सगळ्यांना पहिले तीन महिने तेच औषध. त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. निम्म्या मुलांना आणखी तीन महिने उतरत्या प्रमाणात स्टेरॉइड, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. कोणत्या मुलाला काय मिळतंय हे पालकांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं.

आजारी मुलाला औषध नसलेली गोळी द्यायची हे ऐकून अंगावर काटा येतो, मला माहीत आहे. पण नीट पाहा. आवश्यक ते तीन महिने कोणाचेच चुकले नव्हते. पुढच्या तीन महिन्यांच्या औषधाने भलं होतं की उगाच त्रास होतो, हे तेव्हा कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. ते न तपासता हजारो मुलांना देत राहणं हाही एक प्रयोगच, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही. पालकांनी समजून-उमजून होकार दिला म्हणून हे होऊ शकलं, आणि त्या पालकांचे आपल्यावर उपकार आहेत.

निष्कर्ष २०१५ साली छापून आला. सहा महिने औषध घेतलेल्या आणि तीन महिन्यांवर थांबलेल्या मुलांत वर्षभरातल्या आजाराच्या वाटचालीत म्हणावा असा फरक नव्हता. त्याच वर्षी जपानी संशोधकांनीही दोन महिने विरुद्ध सहा महिने असं तपासून तेच सांगितलं. २०१९ साली ब्रिटनच्या 'प्रेडनॉस' चाचणीत २३७ मुलांत आठ आठवडे आणि सोळा आठवडे यांची तुलना झाली. पहिला रिलॅप्स येईपर्यंतचा काळ दोन्हीकडे सारखाच निघाला. वेगवेगळे देश, वेगवेगळे खंड, एकच उत्तर. २०२१च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांत पहिल्या वेळी सहा आठवडे रोज आणि सहा आठवडे दिवसाआड, एकूण बारा आठवडे, असं लिहिलं आहे. आधी जिथे सहा-सहा महिने औषध चालायचं तिथे आता निम्म्यात थांबता येतं. चार वर्षांच्या मुलाच्या उंचीसाठी, हाडांसाठी, झोपेसाठी हे फार मोठं आहे.

दिवसाआड गोळी देण्यामागेही विचार आहे. आपल्या अंगातल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून रोज मिळत राहिलं की त्या मंदावतात. मधला एक दिवस त्यांना जागं राहायला मदत करतो. म्हणूनच सूज गेली म्हणून आपल्या मनाने औषध एकदम बंद करायचं नाही. ग्रंथी झोपलेल्या असताना बाहेरचा पुरवठा तुटला तर मूल गंभीर आजारी पडू शकतं. गोळीचा दिवस कोणता हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, नाहीतर आजी एक देते, आई दुसरी.

वही आणि पट्टी

रिलॅप्स ओळखायला इस्पितळात जावं लागत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीत रसायनाची पट्टी बुडवायची, बाटलीवर सांगितलेल्या वेळी, बहुतेक पट्ट्यांना साधारण एका मिनिटाने, रंग पाहायचा. पिवळी राहिली तर प्रथिनं नाहीत, हिरवट होत गेली तर आहेत. डेसिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतील तर एक अधिक (+), १००ला दोन, ३००ला तीन, हजार किंवा त्याहून जास्त असतील तर चार. पट्टी नसेल तर सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून गढूळपणा पाहण्याची जुनी पद्धत आजही चांगली चालते. ती स्वस्त आहे.

गोव्यासाठी एक खास सूचना. आपल्या पावसाळ्यात पट्ट्या दमट होऊन बिघडतात. बाटलीचं झाकण लगेच लावा, आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, बाटली फ्रिजमध्ये किंवा न्हाणीघरात ठेवू नका, आणि ओल्या बोटांनी पट्टी काढू नका. जुलैमध्ये घाबरून धावत आलेल्या आईची पट्टीच खराब निघाली, असं प्रयोगशाळेत एकापेक्षा जास्त वेळा झालं आहे.

सलग तीन दिवस तीन अधिक किंवा त्याहून जास्त आलं तर रिलॅप्स. सलग तीन दिवस काही नाही, किंवा फक्त अंश, तर लघवी साफ झाली. हे तीन दिवस महत्त्वाचे आहेत. साध्या सर्दी-तापातही एखादा दिवस प्रथिनं दिसतात आणि आपोआप जातात. पहिल्याच दिवशी घाबरून स्टेरॉइड सुरू केलं तर नको असलेली आख्खी फेरी मुलाच्या वाट्याला येते. अर्थात सूज दिसत असेल किंवा मूल आजारी वाटत असेल तर तीन दिवस मोजत बसू नका.

वहीत तारीख, पट्टीचा निकाल, गोळीचा डोस, वजन, आणि सर्दी-ताप-जुलाब झाले असतील तर ते, एवढं लिहा. संशोधकांच्या चाचण्यांत आजार उलटला की नाही हे ठरतं ते अशाच घरच्या नोंदींवर. डॉक्टरही पुढचं औषध त्यावरून ठरवतात. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन रिलॅप्स झाले तर आजार 'वारंवार उलटणारा' मानला जातो आणि मग स्टेरॉइड वाचवणारी दुसरी औषधं विचारात येतात. त्यातलं लेव्हामिसोल हे मुळात जंतांवरचं औषध, दिवसाआड देतात, आणि बऱ्याच मुलांचं स्टेरॉइड त्याने कमी होतं.

सर्दी झाली की आजार उलटतो हे प्रत्येक आईला माहीत असतं. मग सर्दी सुरू होताच थोडे दिवस रोज स्टेरॉइड दिलं तर? एम्समधल्याच १०० मुलांच्या, २०११ साली आलेल्या अभ्यासात याचा फायदा दिसला होता. ब्रिटनमध्ये २०२२ साली ३६५ मुलांच्या मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. मुलं वेगळी होती, त्यांचं आधीचं औषध वेगळं होतं. आता कल असा आहे की हे सरसकट करू नये. आधीच दिवसाआड स्टेरॉइडवर असलेल्या आणि प्रत्येक सर्दीत उलटणाऱ्या मुलासाठी डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. शेजारच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला लागू होत नाही.

ताटात काय

इथे आपल्याकडे फार गोंधळ होतो. कुठल्यातरी डायलिसिसच्या रुग्णाचा पथ्याचा कागद घरात येतो आणि मुलाची डाळ, मासे, अंडी, केळी सगळं बंद होतं. ते पथ्य ज्यांची किडनी कचरा टाकू शकत नाही त्यांच्यासाठी आहे. नेफ्रॉटिकच्या मुलाला वयानुसार नेहमीएवढी प्रथिनं हवीतच. ताज्या माशांची कढी चालते. सूज असेपर्यंत मीठ मात्र कमी करायचं, आणि आपल्या जेवणात मीठ लपलेलं असतं ते पेजेबरोबरच्या खाऱ्या बांगड्यात, सुक्या सुंगटांच्या किसमुरीत, लोणच्यात, पापडात, पाकिटातल्या चिप्समध्ये. सूज उतरली की घरचं नेहमीचं जेवण. स्टेरॉइडमुळे भूक खवळलेली असते तेव्हा चवथीच्या नेवऱ्या हाताच्या अंतरावर ठेवू नयेत, एवढंच.

आणखी एक गोष्ट कागदावरची. रक्तातलं क्रिएटिनिन पाहून किडनीचं काम कळतं, पण ते स्नायूंतून येतं, म्हणून लहान मुलात मुळातच कमी असतं. अहवालावर शेजारी छापलेली मर्यादा पुष्कळदा मोठ्यांची असते. जॉर्ज श्वार्ट्झ या अमेरिकी बालकिडनीतज्ज्ञाने १९७६ साली किडनी किती गाळते याचा उंचीवरून हिशेब करायची रीत दिली आणि २००९ साली ती सुधारली. सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.४१३ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. ९५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.३ असेल तर उत्तर सुमारे १३१ येतं, म्हणजे उत्तम. तेच ०.९ असेल तर सुमारे ४४ येतं, नेहमीच्या निम्म्याहूनही कमी, आणि कागदावर मात्र ते 'नॉर्मल' छापलेलं असू शकतं. मुलाची उंची दर वेळी मोजून घ्या असं डॉक्टर सांगतात त्याचं हे एक कारण. स्टेरॉइडने वाढ खुंटत नाही ना, हे दुसरं.

गळतीचं मूळ

आता १९५७च्या कोड्याकडे येऊ. पाय पसरट का होतात?

१९७४ साली रॉबर्ट शालहूब या डॉक्टरांनी एक धाडसी तर्क मांडला. गोवर झालेल्या काही मुलांचा नेफ्रॉटिक आजार आपोआप शांत होतो, हे जुन्या डॉक्टरांनी पाहिलं होतं. गोवर रोगप्रतिकारशक्ती दाबतो. स्टेरॉइडही तेच करतं. मग दोष किडनीत नसून प्रतिकारशक्तीत असावा आणि रक्तातून फिरणारं काहीतरी गाळणीला इजा करत असावं, असं त्यांचं म्हणणं. हे 'काहीतरी' शोधण्यात संशोधकांची एक आख्खी पिढी गेली.

दुसरा धागा फिनलंडमध्ये होता. तिथे जन्मतःच नेफ्रॉटिक असलेली बाळं इतर देशांपेक्षा जास्त आढळतात. त्या कुटुंबांचा अभ्यास करून कार्ल ट्रिग्व्हासन, मार्जो केस्टिला आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली बिघडलेला जनुक शोधला. त्यापासून बनणारं प्रथिन पोडोसाइटच्या पायांमधल्या जाळीचाच भाग निघालं. त्याला नेफ्रिन म्हणतात. त्यानंतर असे पन्नासहून जास्त जनुक सापडले आहेत. स्टेरॉइडला अजिबात दाद न देणाऱ्या मुलांत जनुकीय तपासणी करतात ती यासाठी. जाळीच मुळात सदोष असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देत राहून मुलाला त्रासच होतो. दोष सापडला नाही तर टॅक्रोलिमससारखं औषध बऱ्याच मुलांत गळती थांबवतं.

तिसरा धागा योगायोगाने हाती आला. २००४ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका सोळा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. त्याला स्टेरॉइडवर अवलंबून असलेला नेफ्रॉटिक आजार होता आणि शिवाय रक्तातल्या प्लेटलेट कमी होण्याचा वेगळा आजार झाला. त्या दुसऱ्या आजारासाठी रिटुक्सिमॅब दिलं आणि नेफ्रॉटिकही शांत झाला. रिटुक्सिमॅब बी पेशी मारतं, आणि अँटिबॉडी तयार होतात त्या बी पेशींपासूनच. जपानच्या काझुमोतो इइजिमा यांच्या गटाने हे नीट तपासलं. २०१४ साली आलेल्या त्यांच्या ४८ रुग्णांच्या चाचणीत रिलॅप्सशिवायचा मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) रिटुक्सिमॅबने २६७ दिवस होता, औषध नसलेल्या द्रवाने १०१ दिवस.

हे धागे २०२२ साली एकत्र आले. अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांना काही रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनवरच हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. २०२४ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टोबियास हुबर यांच्या गटाने मोठ्या संख्येने रुग्ण तपासले. आजार जोरात असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू नसलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांत त्या होत्या, आणि आजार शांत झाला की कमी होत होत्या. उंदरांना नेफ्रिन टोचून त्यांच्यात अशा अँटिबॉडी तयार करवल्या तेव्हा उंदरांनाही नेफ्रॉटिक झाला. रक्तात फिरणारं काहीतरी आहे हा शालहूब यांचा अंदाज पन्नास वर्षांनी असा खरा ठरला, फक्त त्यांचा रोख टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशींवर, होता आणि सापडल्या त्या अँटिबॉडी.

आपल्या भागाचाही यात वाटा आहे. ब्रिटनमधल्या अभ्यासांत दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या मुलांत हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. मूळचे नायजेरियाचे आणि अमेरिकेत काम करणारे रशीद ग्बाडेगेसिन यांच्या गटाने २०१५ साली श्रीलंकेतल्या मुलांचे जनुक तपासले, तेव्हा स्टेरॉइडला दाद देणाऱ्या प्रकाराचा संबंध प्रतिकारशक्तीच्या एका जनुकाशी, एचएलए-डीक्यूए१शी, लागला. म्हणजे काही मुलांत हा कल जन्मापासून असतो आणि सर्दीसारखं निमित्त त्याला जागं करतं. आईने गरोदरपणात काय खाल्लं, मुलाला कोणाची नजर लागली, याचा त्यात काही संबंध नाही. हे वाक्य प्रत्येक सासू-सुनेने एकत्र बसून वाचावं.

नेफ्रिनच्या अँटिबॉडीची तपासणी अजून नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही, आणि तिच्या आकड्यावरून औषध वाढवावं की थांबवावं हे सांगणाऱ्या चाचण्या व्हायच्या आहेत. तोवर निर्णय औषधाच्या प्रतिसादावर आणि घरच्या पट्टीवरच होतात. स्टेरॉइडला दाद देणाऱ्या बहुतेक मुलांचे रिलॅप्स वयात येता येता विरळ होत जातात आणि त्यांच्या किडन्या चांगल्या राहतात. काहींचा आजार तरुणपणीही चालू राहतो, त्यांनी तपासणी सोडू नये.

मधल्या काळात मूल शाळेत जाऊ शकतं, खेळू शकतं. वर्गशिक्षिकेला आजाराबद्दल सांगून ठेवा, म्हणजे गोल चेहऱ्यावरून चिडवाचिडवी झाली तर ती लक्ष घालेल, आणि वर्गात कांजिण्या आल्या तर तुम्हाला लगेच कळवेल. स्टेरॉइडवरच्या मुलाला कांजिण्या जड जाऊ शकतात. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. न्यूमोकोकसची लस या मुलांना घ्यायलाच सांगतात. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, मोठा डोस चालू असताना देत नाहीत. रिटुक्सिमॅब द्यायचं ठरलं तर त्यानंतर काही महिने लसी नीट लागू पडत नाहीत, म्हणून राहिलेल्या लसी शक्यतो आधी उरकतात. पुढच्या भेटीला वहीबरोबर लसीकरणाचं कार्डही न्या.